पहाडातली नीरा

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लग्न ठरवताना मला एकच प्रश्न विचारला होता. पगार किती, शेती किती, पत्रिकेत मंगळ आहे का, यातलं काही नाही. आंजी गावातल्या त्यांच्या घरी ओसरीत बसलो होतो. पोह्यांची बशी माझ्या हातात, घास तोंडात.

"दारू घेता काय?"

घास गिळून उत्तर द्यायला जरा उशीर झाला. "नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, मामाजी."

लग्न ठरायच्या आधीच मी त्यांना मामाजी म्हणून बसलो होतो, यावरून मी किती घाबरलेलो होतो ते समजा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नापास पोराच्या वहीकडे मास्तर पाहतात तसं. मग म्हणाले, "खोटं निघालं तं पोरगी वापस घेऊन जाईन. आताच सांगून ठेवतो."

आता 'कधीच नाही' हे माझं उत्तर दोन ग्लासांनी खोटं होतं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. पण वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. कॉलेजात असताना मित्रांबरोबर सायकलवर तो पूल मी एकदा ओलांडला होता. पलीकडच्या एका गावात शिंदीचे दोन ग्लास प्यायलो आणि उरलेली दुपार कुणाच्या तरी कपाशीत उलट्या करत काढली. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. तेव्हा माझ्या हिशेबी ते दोन ग्लास पोटात राहिलेच नव्हते, त्यामुळे धरायचे नाहीत. हा युक्तिवाद मामाजींपुढे मांडायची हिंमत मात्र मला कधी झाली नाही.

मामाजी निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. दारूबंदी कागदावर होती आणि नाल्याच्या काठाला मोहाच्या भट्ट्या लागत होत्या, म्हणून गुरुजी गावोगावच्या बायकांना गोळा करून वर्षानुवर्षं मटकी फोडत हिंडले. भाषणाचं त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "भावांनो आणि मायबहिणींनो, या ओठांना आजवर थेंब लागला नाही." हे म्हणताना ते उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवत. गावातली पोरं त्यांची नक्कल करायची. माझी बायकोसुद्धा करायची, पण दार लावून.

दोन हजार साल उजाडून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. बायको म्हणाली, "बाबांनी समुद्र पाह्यला नाई." मी वर्ध्यात एका कॉलेजात लिपिक, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि सासऱ्यांच्या नजरेतून अजून पास व्हायचा होतो. ताबडतोब विशाखापट्टणमची तीन तिकिटं काढली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गाय व्यायला झाली होती म्हणून घरी राहिल्या. त्या आल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. त्यांना वासावरून सगळं समजायचं.

समुद्र पाहून मामाजी धोतर सावरत पाच मिनिटं उभे राहिले. "लयच पाणी आहे," ते म्हणाले. "पण ना पेता येत, ना कपाशीले देता येत." समुद्राचा विषय तिथे संपला. म्हणून संध्याकाळी लॉजच्या काउंटरवर पहाडाच्या सहलीची पाटी दिसली तेव्हा मी उड्या मारतच नावं दिली. सकाळी रेल्वेने वर अराकूला, तिथून बसने गुहा बघत परत किनाऱ्यावर. सोबत गाइड. एका दिवसात सगळं.

मी जन्माचा भित्रा. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. त्या रेल्वेने मात्र तासाभरात आम्हाला ढगांच्या बरोबरीला नेऊन बसवलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि मध्ये बोगद्यांमागून बोगदे. प्रत्येक बोगद्यात मी डोळे मिटून सीटची लोखंडी कड धरायचो.

"अवो, उघडा डोळे," बायको म्हणायची. "बोगदा कव्हाचाच गेला."

"झोप लागली होती."

"झोपेत कोनी सीट उपटत नाई."

मामाजी खिडकीशी ताठ बसून सगळं पाहत होते. खादीचं जाकीट, टोपी, गळ्याला मफलर. अराकूला उतरलो तर थंडी अशी की दात वाजायला लागले. आम्ही वर्ध्याची माणसं. उन्हाशी कसं वागायचं ते आम्हाला ठाऊक असतं. बायकोने सवयीने पिशवीत दोन कांदे टाकून आणले होते, उन्हाची लू लागू नये म्हणून. डिसेंबरात.

गाइड हा एक सडपातळ गृहस्थ होता. हातात पिवळी छत्री, गळ्यात शिट्टी. प्रत्येक ठिकाणी उतरताना आणि चढताना तो आम्हाला छत्रीच्या टोकाने मोजायचा. आम्ही बत्तीस होतो. "गिनती में जो नहीं, वो बस में नहीं," हे त्याने पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं. "ड्रायवर किसी के लिए रुकता नहीं. घाट में कोहरा आता, साब." कोहरा म्हणजे धुकं. ऐकून मी ठरवलं की दिवसभर छत्रीच्या दोन हातांपलीकडे जायचं नाही. तसं वागलो असतो तर बरं झालं असतं.

जेवणानंतर बस घाटातल्या एका वळणावर थांबली. खाली दरी. गाइड चहाच्या टपरीकडे गेला, आणि मला रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली दोन बाया ॲल्युमिनियमची मडकी घेऊन बसलेल्या दिसल्या. वर झाडाच्या मानेला एक गाडगं बांधलेलं. पांढुरका रस.

"मामाजी," मी ओरडलो, "नीरा!"

ज्यांनी आमच्याकडच्या नीरा केंद्रावरची नीरा प्यायलेली नाही त्यांना माझा आनंद समजायचा नाही. शिंदीच्या झाडाचा गोड रस. सूर्य वर यायच्या आत उतरवायचा, थंड ठेवायचा, सकाळी सकाळी संपवायचा. ऊन चढलं की तोच रस आंबतो आणि त्याची शिंदी होते, म्हणजे चक्क दारू. मामाजींच्या भाषणात शेवटचं वाक्य असायचं, "दारू सोडा, नीरा प्या." तेव्हा सासऱ्यांना पहाडात नीरा शोधून देणारा जावई कसा दिसेल, याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

मामाजींनी घड्याळ पाहिलं. "दोन वाजले. नीरा तं सकाळची असते."

"ती आपल्याकडे, मामाजी. इथली थंडी पाहा. हा अख्खा पहाडच फ्रीज हाये."

हे शास्त्र मी त्या क्षणी, तिथल्या तिथे तयार केलं होतं. विकणाऱ्या बाईला विचारलं नाही, गाइडला विचारलं नाही.

"तुमाले खात्री हाये?"

"शंभर टक्के."

बायकोने मडक्यात डोकावून नाक मुरडलं. "मले नको. इडलीच्या पिठावानी वास येऊन राह्यला."

"तुले नीरातलं काय समजते?" मी म्हणालो.

मामाजींनी पहिला ग्लास उभ्यानेच घेतला. "पाहा," ते तोंड पुसत म्हणाले, "या लोकाइले समजलं. आपल्याकडं सांगून सांगून जीव गेला." मग जरा थांबून, "थोडी आंबूस लागते."

"पाणी बदललं, मामाजी."

दुसरा ग्लास त्यांनी हळूहळू घेतला. संपल्यावर रिकाम्या ग्लासात बराच वेळ पाहत राहिले. मी तिकडे लक्ष दिलं नाही. रोलमध्ये तीनच फोटो उरले होते आणि मला दरी, टोपी आणि मडकं तिन्ही एका चौकटीत हवी होती. मागे वळलो तेव्हा मामाजी बाईपुढे तिसऱ्यांदा ग्लास धरत होते.

मग मी माझा ग्लास उचलला.

एकच घोट. तो नाकातून झिणझिणत डोक्यात गेला आणि मला थेट ती कपाशी दिसली. पूल, सायकल, सगळं. मी घोट कसाबसा गिळला आणि उरलेला ग्लास दरीत रिकामा केला. मामाजी तिसरा संपवत होते. त्यांना थांबवायला मी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. कारण काय म्हणणार? "मामाजी, ही दारू आहे." "तुमाले कसं समजलं?" असं ते विचारणार. शिंदीची चव ओळखणारा माणूस आमच्या तिघांत मी एकटाच होतो, आणि ओळखली म्हणणं म्हणजे 'कधीच नाही' खोटं होतं हे सांगणं. उरलं काय? ज्या वाक्यावर त्या माणसाने जन्म काढला ते वाक्य मी तीन ग्लासांत, स्वतःच्या आग्रहाने, बुडवलं होतं. ते त्यांना कळलं तर ते मोडणार आणि पोरगी वापस जाणार. नाही कळलं तर निभावलं. मी गप्प बसलो.

दहा मिनिटांत मामाजींनी मफलर काढला. बसमध्ये चढताना पायरी चुकली.

"साब," गाइड माझ्या कानाशी आला, "अंकल कल्लू पिया क्या?"

"कल्लू म्हणजे?"

"ताड़ी."

मी त्याला हात जोडले. "किसी को मत बोलना, भाऊ."

"मैं नहीं बोलता. पर आगे गुफा है. बहुत सीढ़ी. नीचे नदी."

मामाजींना बसमध्येच बसवायचं मी ठरवलं. "मामाजी, थकले असाल. गुहेत काय, दगडंच दगडं."

"इतक्या दूर दगड पाह्यलेच आलो," ते म्हणाले आणि आमच्या आधी उतरले. चेहरा लाल झालेला, चाल मात्र परेडसारखी ताठ. ताठ चालणाऱ्या माणसाचीच मला जास्त भीती वाटत होती. घसरला तर तो वाकत नाही.

गुहेचं तोंड केवढं तरी मोठं. आत ओल्या पायऱ्या, टपटप गळणारं पाणी, कुठे हिरवे कुठे तांबडे दिवे, वटवाघळांचा उग्र वास. खाली कुठेतरी नदीचा आवाज, पण नदी दिसत नाही. मी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने मामाजींचं जाकीट. गाइड एका दगडाकडे बोट दाखवून तो हत्ती आहे म्हणाला. सगळ्यांनी वर पाहिलं, मीही पाहिलं. खाली पाहिलं तेव्हा माझ्या हातात जाकीट होतं. मामाजी नव्हते. गरम झालं म्हणून त्यांनी ते माझ्या मुठीतच काढून ठेवलं होतं.

"इकत्तीस," गाइड छत्री फिरवून म्हणाला. पुन्हा मोजले. "इकत्तीस. कौन नहीं?"

आणि दिवे गेले.

गाइड शांतपणे म्हणाला, दोन मिनट, हमेशा होता. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या. मला मात्र शिट्ट्यांच्या खालचा तो नदीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बायकोने अंधारात माझा दंड धरला. नखं रुतली.

"बाबा कुठं हायेत?"

"असतील इथंच."

"तुमी काय पाजलं त्याइले?"

"नीरा."

"मग तुमी काऊन फेकली?"

हिने पाहिलं होतं. हात लांब करून, बुडाने पायऱ्या चाचपत, रांगत्या पोरासारखा मी खाली सरकायला लागलो. त्या अंधारात मी काय काय पाहिलं ते सांगत नाही. आंजीची ओसरी, आत्याबाई, गाय व्यायलेली, आणि मी दारात एकटा, हातात जाकीट. मामाजी रक्तदाबाची गोळी घ्यायचे. ती गोळी आणि ते तीन ग्लास एकमेकांशी कसे वागतात हे मला माहीत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात खालून आवाज आला. घोगरा, ओळखीचा.

"भावांनो आणि मायबहिणींनो, या ओठांना आजवर..."

आवाज थांबला. गुहेने 'आजवर' दोनदा परत केलं.

"या ओठांना आजवर..."

पुन्हा थांबला. मी त्या आवाजाच्या दिशेने घसरत गेलो. दारू चढल्यामुळे बिचाऱ्यांना पुढचं आठवत नाही असं मला वाटलं. दिवे आले तेव्हा ते माझ्यापासून हातभर अंतरावर एका दगडावर बसलेले होते. टोपी मांडीवर, उजव्या हाताचं बोट ओठांवर. त्यांच्या पलीकडे कठडा तुटलेला.

मी त्यांचा हात धरला. गार पडलेला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "हा पहाड हालते काय?"

"हालते, मामाजी. गुहा आहे."

"तुमचा हात बी हालते."

त्यांना पुढे घालून, मागून दोन्ही हातांनी कंबर धरून वर आणलं. गाइडने छत्रीचं टोक मामाजींच्या छातीला जवळजवळ टेकवलं आणि "बत्तीस" म्हणाला.

उतरताना धुकं आलं. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता शोधत होता. एरवी मी किंचाळलो असतो. त्या दिवशी मला दरीची आठवणही नव्हती. मामाजी माझ्या खांद्यावर झोपले होते आणि दर वळणाला मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतो का ते पाहत होतो. श्वास यायचा, आणि त्याबरोबर वास. तो वास झाकायला मी बायकोच्या पिशवीतला कांदा फोडला आणि मांडीवर ठेवला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं.

"घाट लागला त्यांना," मी म्हणालो.

खाली समुद्राची खारट हवा लागली तेव्हा मामाजी जागे झाले. "भूक लागली," म्हणाले. मला रडू आलं, पण कांदा मांडीवर होताच.

दुसऱ्या दिवशी काही नाही. परतीच्या गाडीत काही नाही. वर्ध्याला उतरलो, त्यांना आंजीच्या बसमध्ये बसवलं, तरी काही नाही. पहाड कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "उंच आहे." माझी झोप उडाली. नीरा केंद्रावरून ऑफिसला जायचा रस्ता मी बदलला. बायकोने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तिचं न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जायचं.

दीड-दोन महिन्यांनी आंजीला शाळेच्या मैदानात दारूबंदीची सभा होती. रविवारची दुपार. मामाजींचा निरोप आला: स्कूटर घेऊन येजा, नंतर मला वर्ध्याला सोडजा. मी शेवटच्या ओळीत, फाटकाजवळची जागा पकडली. माझ्या शेजारी गावातले दोन-तीन ओळखीचे पिणारे बसले होते. ते प्रत्येक सभेला यायचे, कारण चहा मिळायचा.

मामाजी उभे राहिले. "भावांनो आणि मायबहिणींनो." बोट ओठांवर गेलं. बोट तिथेच राहिलं. समोरच्या बायका वाट पाहू लागल्या; काहींनी तर सवयीने पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून टाकलं.

बोट खाली आलं.

"मी एकदा पेलो हाये," मामाजी म्हणाले.

मी फाटक किती पावलांवर आहे ते पाहिलं.

"कोनं पाजली ते इचारू नका. पाजणाऱ्यापाशी जास्तीचं शहाणपण होतं, अन् मी वय विसरलो. पहाड हालत होता. घरच्या पोरीचं नाव आठवत नव्हतं. अंधारात बसलो होतो अन् एक पाऊल पुढं टाकलं असतं तं आज ही सभा झाली नसती, माही तेरवी झाली असती."

माझ्या शेजारचा एक पिणारा उठून उभा राहिला. आजवर सभेत तो कधी बोलला नव्हता. "गुरुजी, लागली कशी?"

"आंबट," मामाजी म्हणाले.

सगळं मैदान हसलं. मामाजीही हसले. त्या दिवशी ते पिणारे चहा येऊन गेल्यावरही बसून राहिले, एवढं मी पाहिलं. बाकी भाषणात काय होतं ते मला विचारू नका. मी घामाने निथळत होतो.

स्कूटरवर मामाजी मागे बसले, एक हात माझ्या खांद्यावर. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी. कपाशी दिसली की मला तशीही धडधड व्हायची. शेवटी राहवलं नाही.

"मामाजी, तुम्हाला कधी समजलं?"

"दुसऱ्या गिलासाले."

मी वेग कमी केला. "मग... तिसरा?"

मग खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला.

"तुमचं सांगा, जवाईबापू. मले दोन गिलास लागले. तुमाले एका घोटात कसं समजलं?"

समोर खड्डा होता. मला दिसला नाही. स्कूटर आपटली, मामाजींची टोपी उडून कपाशीत गेली. मी थांबलो, धावत जाऊन टोपी आणली, झटकली आणि खाली मान घालून त्यांच्यापुढे धरली. पोरगी वापस, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी टोपी घातली, नीट बसवली.

"तिसऱ्याचं मले इचारू नका," ते म्हणाले, "अन् एका घोटाचं मी इचारत नाई. चला, अंधार व्हायच्या आत पोचू."

वर्ध्यापर्यंत मी वीसच्या वर गाडी नेली नाही. घरी बायको दारात उभी. आधी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या.

"काय म्हणाले बाबा?"

"रस्ता खराब हाये म्हणाले," मी म्हणालो आणि स्कूटर लावायला गेलो. ती लावायला त्या दिवशी मला बराच वेळ लागला.